दिवाळी झाली, तरी हे घरीच कसे?

अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या एका गावात माझी आत्या राहते. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. बाहेर पाऊस. टीव्हीवर 'जैत रे जैत' लागला होता आणि मी, मुंबईहून गेलेला पुतण्या, खाटेवर लोळत तो बघत होतो. तेवढ्यात चिंबोऱ्या घेऊन एक कातकरीण दारात आली. आत्यानं घासाघीस केली, वरच्या दोन चिंबोऱ्या फुकटात काढून घेतल्या आणि चहा टाकला. बाई पडवीत उंबऱ्याशी बसली. तिथनंच मान वाकडी करून सिनेमा बघू लागली. नाग्या, चिंधी, डोंगर, ढोल, मधमाश्या. अर्धा तास शब्द नाही. मग आत्याला म्हणाली, "बाय, पाऊस सरला, दिवाली झाली, तरी हे घरीच कसं? यांना कोन उचल देत नाय काय?"

आत्या हसली. मीही हसलो. अडाणी बाई, तिला सिनेमा काय कळणार!

दोस्तांनो, त्या हसण्याची लाज वाटून हे लिहितोय.

'जैत रे जैत' १९७७ चा. जब्बार पटेलांनी केलेला, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून. गोष्ट ठाकरांची, डोंगर कर्नाळ्याकडचा. म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याचा. ना. धों. महानोरांची गाणी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ती गाणी आजही लग्नाच्या वरातीपासून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत वाजतात. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचं काम बघून कुणीही म्हणेल, काय काम केलंय! मीही म्हणतो. सिनेमा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच की सिनेमा संपल्यावर माझ्या डोक्यात मधमाश्या राहिल्या आणि तिच्या डोक्यात हिशोब राहिला. मी पाहिला डोंगर. तिनं पाहिलं की या माणसांच्या वर्षातले सात महिने कुणीतरी कापून टाकलेत.

आपण समीक्षा लिहितो, परिसंवाद घेतो. तिनं पडवीतून एका वाक्यात समीक्षा केली. ती आपल्या टाळक्यात घुसायला एवढा वेळ का लागावा?

आता ते सात महिने कोणते, ते बघू.

कातकरी म्हणजे कात करणारे. खैराच्या झाडाचा कात काढणं हा त्यांचा धंदा. इंग्रजांनी जंगल सरकारजमा केलं, खैर तोडायला बंदी घातली आणि धंदा गेला. मग पोट भरायला हातपाय हलवले तर गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. तो शिक्का १९५२ साली कागदावरून निघाला. पोलिसांच्या नजरेतून निघाला का, हे कुठल्याही कातकरी पोराला विचारा. सरकारदरबारी आज त्यांचं नाव 'विशेष दुर्बल आदिवासी गट' असं आहे. महाराष्ट्रात असे गट तीन : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत राज्यात पावणेतीन लाखांच्या वर कातकरी मोजले गेले. एवढ्या माणसांवर मराठी टीव्हीत किती मालिका झाल्या? बोटं मोजायला घ्या. हात रिकामाच राहील.

पावसात हे लोक शेतमजूर. किनाऱ्याच्या खाचरांत लावणी त्यांची, कापणी त्यांची. जमीन दुसऱ्याची. कित्येक वाड्यांत तर झोपडीखालची जमीनही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. अलिबाग-मुरूडकडे बंगल्यांचं पीक आलं, जमिनीचा भाव चढला, तसं वाड्यांभोवती तारेचं कुंपण येऊ लागलं. पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसाला एक दिवस कळतं की आपण इथं घुसखोर आहोत.

श्रावण-भाद्रपदात लावणी संपलेली असते, कापणी लांब असते. घरात दाणा नसतो. नेमका त्याच वेळी मुकादम येतो. हातात पैसे ठेवतो. हीच उचल. कुणी आजारपणासाठी घेतो, कुणी लग्नासाठी, कुणी नुसता तांदूळ भरायला. दिवाळी झाली की टेम्पो येतो. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी, सगळं टेम्पोत. कुणी पेण-पनवेलच्या वीटभट्टीवर, कुणी भिवंडीकडे, कुणी कोळशाच्या भट्टीवर घाट चढून थेट कर्नाटकात. परत येणं पावसाच्या तोंडावर. वाडी तोवर ओस.

पौषात मी मुद्दाम परत गेलो. तिच्या वाडीवर. दारांना कड्या, कड्यांना सुतळी. एक म्हातारा शेकत बसला होता, एक आंधळी बाई आणि तीन कुत्री. झोपड्यांवर दोन-तीन ठिकाणी डिशच्या छत्र्या मात्र होत्या. टीव्ही त्यांच्यापर्यंत पोचलाय. त्यांना टीव्हीपर्यंत पोचता आलेलं नाही.

पत्ता काढून भट्टीवर गेलो. भट्टीचं नाव नको, शेठचंही नको. नाव बदललं तरी वही तीच असते. चिखल मळणं, साच्यातून विटा पाडणं, वाळवणं, उलटणं, रचणं. काम काळोखात सुरू होतं, कारण ऊन चढलं की चिखल वळत नाही. भट्टी पेटवायला भाताचा तूस लागतो. लावणी तिनंच केलेल्या भाताचा तूस तिच्याच विटा भाजायला येतो. मालक मात्र दोन्हीकडे वेगळे आणि दोन्हीकडे ती मजूरच.

मुकादमाची वही बघितली. पुरुषाचं नाव, पुढं उचलीची रक्कम, पुढं लिहिलेलं 'जोडी १'. मी विचारलं, बाईचं नाव कुठाय? तो म्हणाला, "जोडी म्हटल्यावर बाई आलीच की साहेब." आणि पोरं? "पोरं काय, आईबापाबरोबर असतात." आठ-नऊ वर्षांची पोरगी ओल्या विटा उलटत होती. ती वहीत नव्हती.

इथं थांबा आणि नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं याच शब्दावर उभं आहे. टीव्हीवाले म्हणतात 'कुटुंब'. मुकादम म्हणतो 'जोडी'. साखर कारखान्याचा मुकादम म्हणतो 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, धरून एक. या देशात मजुराचं कुटुंब हे प्रेमाचं, रुसव्याफुगव्याचं घर असण्याआधी हिशोबाचं एकक आहे. उचल घेतो पुरुष, फेडते बाई, व्याज फेडतात पोरं. बाईला स्वतंत्र मजुरी नाही, म्हणून तिला स्वतंत्र तक्रारही नाही. नवऱ्यानं मारलं, सोडून जायचंय, तर जोडी मोडते. जोडी मोडली तर उचल अंगावर. 'जैत रे जैत'मधली चिंधी न आवडलेला नवरा सोडून निघते आणि थिएटरात टाळ्या पडतात. भट्टीवरची चिंधी अशी निघू शकत नाही. तिच्या पायात बेडी दिसत नाही, कारण ती वहीत आहे.

आणि शेवटी हिशोब. हजार विटांमागे दर. दर आठवड्याला बाजाराला खर्ची मिळते, ती उचलीत मिळवतात. अवकाळी पाऊस आला, कच्च्या विटा विरघळल्या, तर त्या मोजायच्या नाहीत. मेहनत मातीत. आजारपणाचे दिवस वजा. सात महिने राबून शेवटी शेठ सांगतो, एवढी बाकी राहिली, पुढच्या वर्षी फेडा. बाकी म्हणजे पुढच्या वर्षाचं आमंत्रण. लिहिणारा तोच, वाचणारा तोच, बेरीज करणारा तोच. आपली बाई अंगठा पुढं करते.

१९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद केली. असलं कर्ज फेडायची जबाबदारीच संपली, असं तो कायदा म्हणतो. जिल्ह्या-जिल्ह्यात, उपविभागांत दक्षता समित्या नेमा म्हणतो. राज्यघटनेचं २३ वं कलम सक्तीच्या मजुरीला गुन्हा ठरवतं. त्या घटनेवर कुणाचा हात फिरलाय ते तुम्हाला सांगायला नको. १९७९ साली स्थलांतरित मजुरांचा कायदा आला. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. म्हणजे सुधागडचा कातकरी कर्नाटकात कोळसा पाडायला गेला तर स्थलांतरित, आणि भिवंडीला विटा पाडायला गेला तर काय, सहलीला गेला? तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत मुरला. भट्टीवरची वही जिथल्या तिथे आहे.

आता टीव्हीकडे येऊ.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. गांधी जयंतीला. शेतीसाठी कार्यक्रम होता, 'आमची माती आमची माणसं'. नाव झकास. पण त्यात खत कुठलं घालावं, फवारा कधी मारावा, हे ज्याला माती आहे त्यालाच सांगायचं. ज्याला माती नाही तो त्या 'आमच्या माणसांत' होता का? फवारा मारणारा हात ज्याचा, त्यानं तो कार्यक्रम बघून काय करावं? मजुरी वाढवून कशी मागायची, हिशोबाची पावती कशी मागायची, यावर शेतीच्या कार्यक्रमात धडे असायला काय हरकत होती? हरकत होती. बघणाऱ्या जमीनमालकाला ते रुचलं नसतं.

१९८२ साली टीव्ही रंगीत झाला. दिल्लीत आशियाई खेळ होते, त्यासाठी. सगळा देश रंगीत उद्घाटन बघून दिपला. ती स्टेडियमं, ते उड्डाणपूल कुणी बांधले? बाहेरच्या राज्यांतनं आणलेल्या मजुरांनी. त्यांना किमान वेतनही पुरतं मिळत नव्हतं म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. त्याच १९८२ साली कोर्टानं सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे, २३ व्या कलमाचा भंग आहे. देशाला रंग दिसले, निकाल दिसला नाही. त्या निकालावर एक तासाचं नाटक दूरदर्शननं केलं असतं, तर अर्ध्या भारतातल्या मुकादमांची झोप उडाली असती.

मग १९८४ ला 'हम लोग'. मॅगीवाले प्रायोजक. तिथनं पुढं मालिकेचा धनी कोण हे ठरून गेलं. जो साबण, नूडल, टूथपेस्ट विकत घेतो त्याचं कुटुंब पडद्यावर. जो पावशेर तेल सुटं घेतो त्याचं कुटुंब दाखवून कंपनीला काय मिळणार? पुढं खासगी वाहिन्या आल्या आणि गणित आणखी उघडं पडलं. मराठी मालिकेत वाडा आहे, बंगला आहे, चुलते-पुतणे आहेत, इस्टेट आहे. एकत्र कुटुंब म्हणे! कातकऱ्याचंही एकत्र कुटुंब आहे. भट्टीवरच्या एकाच झापाखाली पाच माणसं, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली.

कुणी म्हणेल, दूरदर्शननं 'सद्गती' दाखवला होता. खरंय. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या कथेवर दूरदर्शनसाठी केलेली फिल्म. ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकडाचा ओंडका फोडता फोडता दुखी मरतो आणि त्याच्या प्रेताला कुणी हात लावत नाही. अंगावर काटा आणणारी गोष्ट, मीही मान खाली घालून बघितली. पण एक मौज बघा. दुखीची बायको झुरिया झाली स्मिता पाटील, आणि 'जैत रे जैत'ची चिंधीही तीच. 'सद्गती'तला ब्राह्मण झाले मोहन आगाशे, आणि ठाकरांचा नाग्याही तेच. स्मिता पाटील तर सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. म्हणजे बातमी सांगणारी तीच, ठाकरीण तीच, झुरिया तीच. दुखीला मारणारा आणि नाग्या, दोघांचा चेहरा एकच. नट मोठे, वादच नाही. नटानं कुठलीही भूमिका करावी, तो त्याचा धर्म. पण मुख्य भूमिका करायला ठाकर नको, चांभार नको, लिहायला नको, कॅमेऱ्यामागं नको, फक्त मरायला हवा. अशानं मग गोष्टीत काय उरतं? दुखी मरतो आणि बघणारा रडतो. दुखीनं मजुरी मागितली असती तर बघणाऱ्यानं चॅनल बदललं असतं.

कॅमेरा हातात आला की काय होतं ते २०१३ साली 'फँड्री'नं दाखवलं. नागराज मंजुळेच्या जब्यानं शेवटी दगड भिरकावला तो थेट बघणाऱ्याच्या थोबाडावर. त्या दगडाला रडून उत्तर देता येत नाही.

बातम्यांचंही तेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इरसालवाडीवर डोंगर कोसळला. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं गाडली गेली ती सापडलीच नाहीत. सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या पायथ्याशी. जिथं कधी रस्ता पोचला नव्हता तिथं कॅमेरे चढून गेले. काही पोरं वाचली, कारण ती आश्रमशाळेत होती. चार दिवस महाराष्ट्र हळहळला. पाचव्या दिवशी गाड्या उतरल्या. आपला माणूस टीव्हीवर यायचा तर त्याच्या अंगावर डोंगर पडावा लागतो. वर्षानुवर्षं थोडी थोडी माती पडत असते ती दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडंच आहे का? ज्या अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून आपल्या चळवळीनं नाव घेतलं, त्या अमेरिकेत १९६० साली एडवर्ड मरो नावाच्या पत्रकारानं सीबीएसवर 'हार्वेस्ट ऑफ शेम' हा कार्यक्रम दाखवला. हंगामामागं हंगाम, राज्यामागं राज्य, भाजी-फळं तोडत फिरणारी मजूर कुटुंबं. दाखवला कधी, तर त्यांच्या थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी. काल जे पोटात गेलं ते कुणी तोडलं, ते बघा म्हणून. बागाईतदार खवळले. गंमत पुढंच आहे. १९६१ साली हाच मरो सरकारी प्रचारखात्याचा मुख्य झाला आणि बीबीसीनं तो कार्यक्रम दाखवू नये म्हणून त्यानंच खटपट केली. खुर्ची बदलली की सत्य लाजिरवाणं वाटायला लागतं. आपल्याही चळवळीतल्या खुर्च्या आठवा आणि पुढं वाचा.

आणि दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पीज नावाच्या गावातनं, १९७५ पासून एक छोटं टीव्ही केंद्र चालायचं. इस्रोच्या अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी चालवलेलं. त्यांनी गावच्याच बोलीत नाटकं केली, मालिका केल्या. जातीवर, किमान वेतनावर, शेतमजुराच्या पिळवणुकीवर. गावातलीच माणसं कॅमेऱ्यासमोर उभी केली. १९८४ साली त्याला युनेस्कोचं बक्षीस मिळालं. पुढं पीजचा प्रक्षेपक काढून नेला. बक्षीस कपाटात, प्रक्षेपक दुसऱ्या गावाला, मजूर होता तिथंच. म्हणजे होत नाही असं नाही. झालं होतं. जमत होतं म्हणूनच बंद झालं, असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

इथं एखादा शहाणा विचारेल : त्या बाईला स्वतःला तरी असली मालिका हवी आहे का? विचारलं मी. भट्टीवर रात्री मोबाईलवर ती मालिका बघत होती. सासू-सुना, जरीच्या साड्या. म्हटलं, तुमची गोष्ट टीव्हीवर यावी असं वाटत नाही? ती म्हणाली, "आमचं काय बगायचं, चिखोल? साड्या बगतंय ती बरी." मी गप्प. दिवसभर चिखल बघणाऱ्या बाईनं रात्री जरी बघितली तर तिला नावं ठेवणारा मी कोण? तिला करमणूक हवी. तिला रडकं नाटक नको, कारण रडणं तिला नवं नाही. नवं काय असेल? आपल्यासारखी एक बाई वही हिसकावून घेते, मोठ्यानं वाचायला लावते, आपलं नाव लिहून घेते, आणि जिंकते. असलं नाटक मी तिला तोंडी सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मंग तिला कुनी मारलं नाय?"

बघा. पुन्हा एका वाक्यात तिनं माझं नाटक नापास केलं. वही हिसकावली की मार बसतो. एकटीनं हिसकावली तर बसतोच. म्हणजे नायिका एक चालणार नाही, वाडी लागेल. मालिकावाल्यांना हे सुचत नाही कारण त्यांना नायिका एकच लागते.

आता शेवटचं आणि सगळ्यात कडू.

माझा आजा याच किनाऱ्यावरचा. खोताच्या खाचरात राबणारा महार. भात कापून झालं की रेवसच्या धक्क्यावरनं बोटीनं भाऊच्या धक्क्यावर यायचा, गोदीत ओझी उचलायचा आणि पावसाला परत. पुढं मुंबईतच राहिला, नायगावला. म्हणजे आम्हीही तेच. स्थलांतरित शेतमजुराचं कुटुंब. याच अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. जमीन पडीक ठेवली, जंगलातला लाकूडफाटा विकून जगले, पण मागं हटले नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी. १९३४ साली बाबासाहेब तिथं गेले. १९३७ ला त्यांनी खोती बंद करायचं बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. आगरी, कुणबी, महार, सगळे एका मोर्चात. १९४९ ला खोती गेली. १९५७ ला कूळकायद्यानं कुळं मालक झाली. ज्याचं नाव कागदावर कूळ म्हणून होतं त्याला जमीन मिळाली. ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं तो कातकरी. तो तेव्हाही वहीत 'जोडी' होता.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित कोण याची व्याख्या केली होती. अनुसूचित जाती, नवबौद्ध, आदिवासी, भूमिहीन मजूर, स्त्रिया, पिळवणूक होणारे सगळे. आपण ती पोरं पाठ केल्यासारखी म्हणतो. आणि आमच्या घरात?

सुरुवातीला मी सांगितलं, आत्यानं चहा टाकला. कपाबद्दल सांगायचं टाळलं. त्या बाईचा कप वेगळा होता. कान तुटलेला. पडवीच्या फळीवर उपडा ठेवलेला. चहा पिऊन तिनं तो स्वतः विसळला, परत उपडा ठेवला आणि गेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी १९२७ साली याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यात ओंजळ घातली होती. शंभर वर्षं व्हायला आली. तळ्याचं पाणी खुलं झालं आणि आमच्या पडवीतला कप वेगळाच राहिला.

त्या रात्री आत्याला विचारलं. ती म्हणाली, "अरे, तीच आत येत नाय. तिलाच सवय नाय." नेमकं हेच वाक्य माझ्या आज्याबद्दल खोताच्या घरात म्हणत असणार. मी आत्याशी भांडलो. ती दोन दिवस बोलली नाही. पौषात गेलो तेव्हा फळीवर कप नव्हता. पण बाईही नव्हती, ती भट्टीवर. कप खरंच गेला की नुसता आत ठेवला, ते पावसाला कळेल.

म्हणून, दोस्तांनो, वाहिनीवाल्यांकडं 'आमच्यावरही मालिका काढा' अशी भीक मागायला जाऊ नका. काढतील. बंगल्याच्या आवारात सेट लावतील, गोऱ्या पोरीला काळा रंग फासतील, पहिल्याच भागात बापाला मारतील, आणि मध्ये विटांच्या नाही तर सिमेंटच्या जाहिराती करतील. मागायचं असेल तर हे मागा. सरकारी वाहिनी आपल्या पैशावर चालते, तिथं वाडीतल्या पोरांना कॅमेरा द्या, शिकवा, त्यांच्या बोलीत त्यांना नाटक करू द्या. पीजला झालं ते पेणला का होऊ नये? आणि तोवर हातात मोबाईल आहेत ते कशाला? निळे झेंडे आणि वाढदिवस टाकायलाच? हंगाम संपताना भट्टीवर जा. हिशोब होईल तेव्हा बाईशेजारी बसा. वहीतलं मोठ्यानं वाचून घ्या. तिचं नाव लिहायला लावा, जोडी नव्हे, नाव. दक्षता समिती कुठं झोपलीय ते तहसीलदाराला विचारा. एकटे जाऊ नका, ती म्हणाली ते ध्यानात ठेवा. वाडी घेऊन जा, संघटना घेऊन जा.

मालिका होईल तेव्हा होईल. तोवर, तुमच्या गावच्या घरी जाल तेव्हा पडवीतली फळी एकदा बघून घ्या. उपडा कप असेल तर आधी तो फोडा.

आणि पावसात ती बाई चिंबोऱ्या घेऊन आली, टीव्ही चालू असला, तर तिला आत बोलवा. खाटेवर बसवा. मान वाकडी करून किती वर्षं बघायचं तिनं?

जय भीम.